जावयाची जागा

आमच्या जिल्ह्यातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र सारखाच लांब. त्यामुळे मी जहाजावर नोकरी करते हे आमच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काऊन वो, इथी काम नव्हतं का?" बाबा वीज केंद्रात होते. क्वार्टरच्या खिडकीतून धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या दिसायच्या. बरोबरीची सगळी पोरं कंपनीच्या बसमध्ये चढायची स्वप्नं बघत मोठी झाली आणि मी मालवाहू जहाजावर गेले. आता चीफ ऑफिसर आहे. कोणतं वजन कुठे ठेवायचं, कोणत्या टाकीत किती पाणी भरायचं आणि एवढं सगळं पोटात घेऊन जहाज उभं राहील की नाही, हे बघायचं काम माझं. माझं तोंड फटकळ आहे. बंदरातले मुकादम मला टरकून असतात आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. चुकीच्या जागी वजन ठेवणाऱ्या माणसाशी मला गोड बोलताच येत नाही.

त्याचं मूळ एका कपाटात आहे.

आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर माझं आजोळ. तिथे आता दोनच माणसं उरलीत. एक आबाजी, म्हणजे माझ्या आईचे वडील, आणि दुसरी मावशी, आईची धाकटी बहीण. आबाजी हल्ली खाटेवरून उठत नाहीत. त्यांची खाट घरापुढच्या सपरीत असते, म्हणजे येणारा जाणारा दिसतो. मावशी गावच्या अंगणवाडीत आहे. तिच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीला टेकून, ते लोखंडी कपाट उभं असायचं. दाराला आरसा, पण त्यात तोंड दिसत नाही, कारण काचेमागे नदीचा गाळ शिरून वाळलेला. खालच्या कप्प्याचं दार गंजून कायमचं बसलेलं. मावशीच्या साड्या दोरीवर, कागद पत्र्याच्या पेटीत, आणि एवढं मोठं कपाट रिकामं. भंगारवाला दारात आला की आबाजी त्याला काठी दाखवायचे.

उन्हाळ्यात ते कपाट वाजतं. भर दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नाही अशा वेळेला, आतून कोणी मूठ मारावी तसा आवाज येतो. धम्म. मग बराच वेळ काही नाही. लहानपणी सुट्टीत मी तिथे जायचे तेव्हा तो आवाज आला की सगळं घर थांबायचं. मावशीचा लाटण्यावरचा हात थांबायचा, आई बोलता बोलता गप्प व्हायची. आणि सपरीतून आबाजी ओरडायचे, "पत्रा तापते, पत्रा! बाकी काई नाई!"

दर वेळी, न चुकता. कोणी विचारलेलं नसायचं, तरी.

आबाजींच्या घरात भूतखेत, अंगारा, उतारा यांना जागा नव्हती. भिंतीवरचे दोन फोटो सोडले तर हात जोडायला दुसरं काही नाही. गावात मात्र बायका म्हणायच्या, "जावई हाये त्या कपाटात. भाईर याले पाह्यते." मी दिवसा आबाजींच्या बाजूने असायचे आणि अंधार पडला की गावाच्या. खरं सांगू? अजूनही तसंच आहे. पत्रा तापला की फुगतो आणि वाजतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. जहाजाचा डेक उन्हात असाच वाजतो. तरी तिथेही तो आवाज झाला की मी मागे वळून बघते.

मावशीचं लग्न झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. धान कापून झालं होतं, नदीला अजून भरपूर पाणी होतं. मुलगा नदीपलीकडचा, अगदी समोरच्या गावचा. पुलावरून जायचं तर केवढा तरी फेर, म्हणून आमच्याकडचे सगळे सोयरे डोंग्यातूनच ये-जा करायचे. डोंगा म्हणजे आमच्याकडची लांबट, अरुंद, सपाट बुडाची लाकडी नाव. नवरदेव मास्तर होता, उंच, आणि हसताना तोंडावर हात धरायचा. मांडवात त्याने आपल्या हारातला एक गुलाब तोडून मला दिला. तेवढ्यावर मी त्याला जन्मभरासाठी माझा माणूस ठरवून टाकलं.

हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, यात आबाजी पक्के. पण लेकीला एक कपाट द्यावं असं त्यांच्या मनात फार होतं. तिच्या आईला कधी घेऊन देता आलं नव्हतं, म्हणून. आरमोरीच्या बाजारातून ते आणलं, दोन दिवस अंगणात उभं ठेवलं, येईल त्याला दाखवलं. निरोपाच्या वेळी चार जणांनी ते खांद्यावर घेऊन घाटावर नेलं. डोंग्याच्या बुडाशी घोट्याएवढं पाणी होतं. झिरपतंच ते, मधूनमधून डब्याने उपसतात. नावाडी म्हणाला, "दुसरा डोंगा पलीकडून येऊ द्या, दोन्ही जोडून बांधू अन् मंग नेऊ." आमच्या नदीवर जड सामान असंच नेतात, दोन डोंगे बाजूबाजूला, वर आडवे बांबू. पण दुसरा डोंगा पाहुणे घेऊन गेलेला, आणि सूर्य खाली आलेला.

"पाह्यणे काय थांबतीन तवरोक?" आबाजी म्हणाले. "टाका आडवं. काठावर ठेवा, बुडाशी नको, रंग जाईन त्याचा."

कपाट डोंग्याच्या दोन्ही काठांवर आडवं टेकवलं. नवरदेव बूट हातात घेऊन खाली, बुडाशी बसायला निघाला होता. आबाजींनी पाण्यात उतरून त्याचा दंड धरला.

"न्हाई न्हाई, तुम्ही वरते बसा जावईबापू. खाली वल्लं हाये."

आमच्याकडे जावई म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. घरात एकच खुर्ची असली तर ती जावयाची; मग सत्तर वर्षांचा म्हातारा जमिनीवर बसला तरी चालेल. जावई सगळ्यांच्या वर. आबाजींनी कपाटावर सतरंजीची घडी टाकली, हाताने साफ केली आणि त्याला वर बसवलं. तो लाजला, "राहू द्या ना बाबा" म्हणाला, मग बसला. घाटावर टाळ्या पडल्या. मावशी पुढच्या फळीवर, तिच्यामागे नवरदेवाची बहीण आणि दोन पाहुणे. नावाडी मागे, हातात बांबू.

डोंगा निघाला तो डुलत. हळू, एकदा या अंगाला, मग थोडं थांबून त्या अंगाला. वर तो पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, दोन्ही हातांनी कपाटाची कड धरून हसत होता.

"कसा डुलून राह्यला पाह्य," माझ्या बाजूची बाई म्हणाली. "डोंग्याले बी लग्न चढलं!"

सगळे हसले. मीही हसले, टाळ्या वाजवल्या.

डोंगा धारेच्या मध्यावर गेला तेव्हा आबाजींनी हात वर केला. लेक जाताना बाप करतो तसा. मावशीने वळून पाहिलं. मध्ये कपाट होतं, तिला आबाजी दिसेनात, म्हणून ती अर्धी उठली आणि काठाकडे झुकली. तिच्याबरोबर डोंगा झुकला. अगदी हळू. आम्ही अजून हसतच होतो. तो झुकला आणि परत आलाच नाही.

बाकीच्यांना नावाड्याने आणि पोहून गेलेल्या माणसांनी काढलं. मावशीला तिच्या वेणीला धरून बाहेर ओढलं. नवरदेव कपाटाबरोबर खाली गेला होता, आणि कपाट त्याच्या वर बसलं होतं. याहून जास्त मला लिहवत नाही. नदी उतरल्यावर लोकांनी कपाट काढलं. पलीकडच्यांनी नको म्हटलं. मग ते बैलगाडीतून आमच्या दारात आलं, आणि आबाजींनी ते मावशीच्या खोलीत उभं करायला लावलं.

गावाने कारण लगेच शोधलं. सासरी जाताना पोरीनं मागे वळून पाहिलं. पांढऱ्या पायाची. आबाजींनी असं बोलणाऱ्या बायकांच्या दारात जाऊन भांडणं केली, मीटिंगा घेतल्या, "अंधश्रद्धा, अंधश्रद्धा" करून घसा बसवून घेतला. पण मावशी कुठे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत होती? ती आबाजींचीच लेक. तिने स्वतःपुरतं जे कारण धरलं होतं ते अगदी शहाण्यासारखं होतं आणि म्हणून त्याला उताराच नव्हता. मी झुकली, म्हणून डोंगा झुकला. बस.

त्या दिवसापासून मावशी कधी झुकली नाही. हे मी उगाच शोभेसाठी लिहीत नाही. ती खाटेच्या कडेला बसत नाही, मधोमध बसते. एसटीत खिडकी सोडून आतली जागा घेते. पडलेली वस्तू उचलायची तर आधी उकिडवी बसते, मग हात खाली नेते. सुट्टीत मी पळत जाऊन तिच्या गळ्यात पडायचे तेव्हा तिचं सगळं अंग खांबासारखं ताठ व्हायचं. मला वाटायचं, मावशीला मी आवडत नाही. खूप उशिरा कळलं की बिचारी तोल सांभाळते आहे.

लोक विचारतात, समुद्रावर काऊन गेली? मी पगार सांगते, देश बघायला मिळतात सांगते. खरं कारण ते डुलणं. मला ते कळून घ्यायचं होतं. काही माणसं घरात मृत्यू झाला की डॉक्टर व्हायचं ठरवतात, तसं.

कळलं ते वर्गात, एका सकाळी, फळ्यावर. आमचे मास्तर म्हातारे कॅप्टन होते, खडू चावत शिकवायचे. ते म्हणाले, जहाजाचं सगळं वजन एका ठिकाणी गोळा झालंय असं धरा. तो गुरुत्वमध्य, तिथून वजन खाली ओढतं. आणि पाणी खालून वर ढकलतं. जहाज कललं की पाण्यात गेलेला भाग त्या बाजूला वाढतो, म्हणून पाण्याचा धक्काही त्याच बाजूला सरकतो आणि कललेल्या जहाजाला पुन्हा उभं करतो. तो धक्का ज्या रेषेत वर जातो ती रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला एका जागी छेदते. ते मेटासेंटर. वजन या जागेच्या जितकं खाली, तितकं जहाज उठायला चपळ. वजन वर चढवत जा, चढवत जा, तसं जहाज नरम होत जातं. हळू डुलतं. छान वाटतं. चहा सांडत नाही, कोणाला उलटी होत नाही, प्रवासी खूश. आणि वजन त्या जागेच्या वर गेलं की जे पाणी जहाजाला उभं करत होतं तेच पाणी त्याला उलटवतं. तोच धक्का, दुसरीकडे.

मग ते वळून म्हणाले, "जहाज पाळण्यासारखं झुलायला लागलं तर झोपू नका. घाबरा."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. समोर फळा होता आणि मला पांढरे कपडे, गळ्यात हार आणि ते हसू दिसत होतं. घाटावर आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि डोंगा आम्हाला ओरडून सांगत होता की मी आता उभा राहू शकत नाही. मास्तरांनी पुढे तेही शिकवलं, की बुडाशी मोकळं पाणी असलं तर ते कललेल्या बाजूला धावतं आणि तोल आणखी बिघडवतं. म्हणजे ज्या ओलाव्यापायी त्याला वर बसवलं तो ओलावाही मारायलाच बसला होता. मावशी नसती झुकली तर दुसरं कोणी शिंकलं असतं. तेवढं पुरलं असतं.

मला तेव्हाच्या तेव्हा उठून गावी फोन करावासा वाटला. मावशी, तू नाहीस, वजन! आणि तोंडातून शब्द निघायच्या आधी पुढचं वाक्य समोर येऊन उभं राहिलं. वजन कोणी चढवलं होतं?

पाण्यात उभे राहून, हाताने सतरंजी साफ करणारे आबाजी.

त्या दिवशी मी तोंड शिवलं. मावशीला मोकळं करायचा उपाय माझ्या खिशात होता, पण दोष तिच्या अंगावरून उचलला की दुसरीकडे ठेवायला एकच जागा होती, आणि ती जागा सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी. वर्षानुवर्षं मी सुट्टीत तिथे जात राहिले. कपाट वाजायचं, आबाजी ओरडायचे, "पत्रा तापते!" आणि मी चहा पीत राहायचे. जहाजावर त्याचा सूड उगवायचे. मी लोडिंग केलेलं जहाज ताठ असतं, जरा लाट आली की झटक्याने सरळ होतं, ताटल्या फुटतात, खलाशी मला शिव्या घालतात. घाला म्हणावं. एकदा फक्त, एका शांत समुद्रात, जहाज हळूहळू डुलायला लागलं होतं. कॅप्टन म्हणाला, वा, आज काय मस्त चाललंय. मी त्याला उत्तर न देता खाली धावले आणि बुडाच्या टाक्या भरायला लावल्या. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, काचेबाहेर, पुढच्या मालावर, कोणीतरी पांढऱ्या कपड्यांत बसलंय असं मला सरळ सरळ दिसलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा बढती झाल्याचं सांगितलं. मावशीने गोड केलं. दुपारी आम्ही दोघी बाजूच्या अंगणात, पाण्याच्या सिमेंटच्या टाक्याजवळ सावलीला बसलो होतो. मधे बांबूचा तट्टा आणि तट्ट्याच्या त्या बाजूला सपरीत आबाजींची खाट. ते झोपले होते, किंवा आम्हाला तसं वाटत होतं.

"बाई," मावशी म्हणाली. मला ती बाईच म्हणते. "जहाजाचं वजन तूच बसवते ना आता?"

"हो."

"जहाज उलटलं तं तुमच्यात कोणाचा दोष धरते?"

मला सावध व्हायला हवं होतं. पण कामाचं काही विचारलं की मी मशीनसारखी बोलते. "ज्यानं वजन ठेवलं त्याचा."

"हललं त्याचा नाई?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, टाक्यातल्या पाण्याकडे बघत होती.

"माह्यामुळं उलटला का तो डोंगा? तू शिकली हायेस, तू सांग. अन् मले बरं वाटावं म्हणून नोको सांगू. तसं सांगणारे लय झाले."

काय सांगणार होते मी? नाही म्हटलं असतं तर तिने ओळखलं असतं. मी उठले. कोपऱ्यात तेलाची रिकामी प्लास्टिकची कॅन पडली होती. विळ्याने ती उभी कापली, डोंग्यासारखी लांबट अर्धी झाली. बुडाशी गिट्टी टाकली, टाक्यात सोडली.

"ढकल," मी म्हटलं.

ती बोटाने ढकलायला घाबरत होती. मग ढकललं. कॅन कलली आणि टुणकन उभी राहिली. "जोरात ढकल." पुन्हा उभी राहिली. मावशी लहान पोरीसारखी ढकलत राहिली आणि ती प्रत्येक वेळी उठत राहिली.

मग मी गिट्टी काढली, थोडी तेवढी ठेवली, आत भांडंभर पाणी ओतलं. विटेचा एक चपटा तुकडा कॅनच्या दोन्ही काठांवर आडवा ठेवला. त्याच्यावर मातीचं ढेकूळ. कॅन उभी होती. हळूहळू डुलत होती, एकदा इकडे, जरा थांबून तिकडे.

मावशीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तिने ओळखलं ते डुलणं.

"आता हात लाव," मी म्हटलं. "ढकलू नको. नुसता लाव."

तिने बोट टेकवलं. कॅन झुकली आणि झुकतच गेली. वीट बुळ्ळकन खाली गेली.

तिने स्वतःच्या हाताने ती वीट काढली, पुन्हा मांडलं. या वेळी तिने बोटही लावलं नाही, नुसती काठावरून फुंकर घातली. उलटली. तिसऱ्यांदा तिने काहीच केलं नाही, हात मागे बांधून बसली. मागून वाऱ्याची झुळूक आली, तेवढ्यानेही उलटली.

"माशी बसली असती तरी गेला असता, मावशी. तू नसती वळलीस तरी पुढच्या दहा हातांवर गेला असता."

ती रडली. कशी रडली ते मी सांगू शकत नाही, कारण मीही रडत होते. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या अंगावर झुकली, सगळा भार टाकून, आणि मी तिला धरून बसले. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

मग तिचं रडणं थांबलं. ती टाक्यातल्या विटेकडे बघत होती.

"हे कपाट," ती म्हणाली.

"अन् ढेकूळ, ते..." तिने मान वळवून तट्ट्याकडे पाहिलं. "बाबानं बसवलं होतं वरते."

मी मान हलवली. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "काय चाललं वो तिकडं? कोण रडून राह्यलं?"

मावशीने पदराने तोंड पुसलं, माझं मनगट ओल्या हाताने घट्ट दाबलं आणि मोठ्याने म्हणाली, "काई नाई बाबा. हिले इचारलं डोंग्याचं. ते म्हणते, माह्यामुळंच उलटला. मी झुकली म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं, आणि पाच मिनिटांची सुटका, आणि ही बाई स्वतःच्या हाताने ते ओझं पुन्हा डोक्यावर घेते! मी ओरडायला तोंड उघडलं. तिने मनगट असं पिळलं की कळ आली. तिच्या डोळ्यांत मला धमकी होती आणि विनवणीही.

आणि त्याच वेळी खोलीत कपाट वाजलं. धम्म.

आम्ही दोघी वाट पाहत राहिलो. पत्रा तापते, पत्रा. आता म्हणतील. आता म्हणतील.

आबाजी ते म्हणालेच नाहीत.

बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. "खोटं बोलून राह्यली ते. बाई, तुह्या मावशीले सांग, बापाले खोटं नोको सांगू." मग दम खाऊन, "कपाट मी टाकलं काठावर. नावाडी सांगून राह्यला होता, डोंगे जोडू. मी म्हटलं, थांबाले वेळ नाई. त्याले वरते मी बसवलं. हात बी मीच केला, म्हणून तू वळली."

मावशी उठून तट्ट्याजवळ गेली. "तुमाले ठाव होतं?"

"त्याच दिशी. डोंगा पालथा पडला तवाच."

"अन् मले काऊन नाई सांगितलं, बाबा?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "गाव मले पांढऱ्या पायाची म्हणे, तुम्ही गावासंग भांडले. मी सोताले खात होती, ते नाई दिसलं तुमाले?"

"दिसे ना वो. रोज दिसे." आबाजी हुंदके देत होते, म्हातारी माणसं देतात तसे, आवाज न करता, नुसता श्वास तुटत. "जिभेवर याचं अन् वापस जाचं. ते कपाट वाजलं का मले वाटे, तो सांगून देईन आता. म्हणून वरडत होतो."

मावशी तिथून सरळ आपल्या खोलीत गेली आणि मला हाक मारली. "इकडं ये. धर."

"काय?"

"आडवं करू त्याले."

आम्ही दोघींनी कपाट भिंतीपासून ओढलं. ती वरून धरत होती, मी खालून. हळूहळू ते आमच्या हातांवर कललं, आणि मावशी त्याच्याबरोबर झुकली, पार कंबरेतून, आणि तिने त्याला जमिनीवर उताणं निजवलं. निजवताना खालच्या कप्प्याचं गंजलेलं दार तुटून उघडलं आणि त्यातून वाळू आली. नदीची, बारीक, कोरडी, ओंजळी ओंजळींनी. वाळूत सतरंजीचा एक तुकडा होता, कुजलेला, पण निळा पट्टा अजून कळत होता. तो चिमटीत धरून ती कितीतरी वेळ बसली. मी वाळू झाडायला केरसुणी उचलली तर म्हणाली, "राहू दे."

मग ती सपरीत गेली आणि खाटेजवळ खाली, जमिनीवर बसली. तो तुकडा तिने आबाजींच्या हातात दिला. त्यांनी ओळखला. त्यांनी तो मुठीत धरला तेव्हा तिने त्या मुठीवर आपला हात ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मला वाटतं, केलंही नव्हतं अजून. पण हात ठेवला.

"खाली बसू द्याचं होतं, बाबा," ती म्हणाली. "वल्लेच तं झाले असते."

"हो वो माय," आबाजी म्हणाले. "वल्लेच झाले असते."